त्याच पैशात नवी छोट्या बॅटरीची की तीन वर्षं वापरलेली मोठ्या बॅटरीची? इलेक्ट्रिक गाडीचं काही केल्या ठरत नाहीये

पहाटवारा

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, रोज रात्री व्हिडिओ बघतेय आणि रोज सकाळी मत बदलतंय, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायची एवढं पक्कं आहे. बजेट ठरलेलं आहे, ते ताणता येणार नाही. त्यात दोनच पर्याय बसतात. एक म्हणजे नवीकोरी छोटी गाडी, ३० युनिटची बॅटरी, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. दुसरी एका डीलरकडे असलेली तीन वर्षं वापरलेली मोठी गाडी, बॅटरी ६० युनिटच्या आसपासची, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची, ६२,००० किलोमीटर धावलेली, एकच मालक. दोन्हींची किंमत जवळपास सारखी पडते. (युनिट म्हणजे आपलं विजेच्या बिलातलं युनिट, किलोवॅट अवर.)

माझा वापर असा आहे की रोज ऑफिसला जाऊन येऊन ६० किलोमीटर होतात आणि महिन्यातून एकदा आईबाबांकडे जाते, ते एका बाजूने २८० किलोमीटर. ही फेरी चुकवून चालत नाही कारण बाबांची दर महिन्याची तपासणी असते आणि त्यांना दवाखान्यात मीच घेऊन जाते. घरी स्वतःचं पार्किंग आहे, तिथे चार्जर बसवता येईल.

डीलर म्हणतो बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेपैकी उरलेली, ९५ टक्के आहे. कशावरून तर म्हणे डॅशबोर्डवर रेंज बघा ना. यावर विश्वास ठेवायचा का? घरचे म्हणतात सेकंडहँड इलेक्ट्रिक म्हणजे जुना मोबाइल विकत घेण्यासारखं आहे, वर्षभरात बॅटरी बसणार. हे खरं आहे का? ज्यांनी स्वतः वापरलेली घेतली आहे त्यांनी कृपया सांगा.

सावकाशचालक

मी चार वर्षांपूर्वी वापरलेलीच घेतली, अजून तीच चालवतोय आणि समाधानी आहे, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असेल हे धरून वाचा.

आधी मोबाइलची तुलना डोक्यातून काढून टाका. मोबाइलच्या बॅटरीला थंड ठेवायची काही सोय नसते, तिला आपण रोज शून्यापर्यंत नेतो आणि रात्रभर १०० वर ठेवतो. गाडीच्या बॅटरीत बहुतेक मॉडेलांना कूलंट फिरतो, वर-खाली थोडी जागा कंपनी राखून ठेवते आणि आतल्या प्रत्येक सेलवर (पॅकमधल्या सुट्या छोट्या बॅटरीवर) बॅटरी मॅनेजमेंटचं लक्ष असतं. जिओटॅब म्हणून फ्लीटच्या गाड्यांचा डेटा गोळा करणारी कंपनी आहे, त्यांच्या २०२४ च्या आकड्यांत बॅटरीची सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली होती, त्याआधीच्या पाहणीत २.३ होती. ही सरासरी झाली, तुमच्या समोरची गाडी सरासरीत बसते की नाही ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता डॅशबोर्डची रेंज. तो आकडा म्हणजे बॅटरीची तब्येत नाहीच. आधीच्या काही किलोमीटरमध्ये गाडी कशी चालवली त्यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज असतो. हळूहळू शहरात फिरवून आणली की रेंज फुगून दिसते. त्यावरून ९५ टक्के कसं काढलं ते डीलरलाच विचारा.

मी काय केलं ते सांगतो. गाडी रात्री १०० टक्के चार्ज करायला लावली. सकाळी ट्रिप मीटर शून्य केला, एसी बंद ठेवला आणि सलग एकाच वेगात चालवत १८ टक्क्यांपर्यंत आणली. गाडीच्या स्क्रीनवर ट्रिपमध्ये ४२.६ युनिट खर्च झाल्याचं दिसलं. म्हणजे ८२ टक्क्यांत ४२.६, तर १०० टक्क्यांत साधारण ५२. त्या मॉडेलची नवी असताना वापरता येणारी क्षमता ५८ होती. म्हणजे हेल्थ ९० च्या आत-बाहेर. विकणारा ९६ सांगत होता. तोही मुद्दाम फसवत होता असं नाही, त्याला कुणीतरी सांगितलेला आकडा तो पुढे सांगत होता. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला आणि किंमत खाली आली.

इथे एक गोची आहे ती लक्षात ठेवा. ब्रोशरमध्ये काही कंपन्या बॅटरीची एकूण क्षमता लिहितात आणि काही फक्त वापरता येणारी. एकूण ६२ असलेल्या पॅकमध्ये वापरायला ५८ च मिळतात. तुम्ही ५५ ला ६२ ने भागलंत तर चांगली गाडी उगाच खराब दिसेल. आधी तो आकडा नीट शोधून ठेवा.

उलटीकडूनही मोजता येतं, म्हणजे २० वरून १०० पर्यंत चार्ज करून मीटरवर किती युनिट गेले ते बघायचं, पण त्यात चार्जिंग करताना साधारण दहा टक्के वाया जातात ते वजा करावे लागतात, म्हणून मला चालवून मोजणं जास्त भरवशाचं वाटतं.

कोरडेपान

मी वापरलेली घेऊन पस्तावलेल्यांपैकी आहे, त्यामुळे दुसरी बाजूही ऐका. कंपनीचं नाव घेत नाही.

माझी चूक अशी झाली की मी किलोमीटर बघून गाडी घेतली. चार वर्षांत फक्त १४,००० धावलेली. मला वाटलं लॉटरीच लागली, जवळजवळ नवीच गाडी आहे. पेट्रोलच्या गाडीत आपण असंच बघतो ना, कमी धावलेली म्हणजे चांगली. इलेक्ट्रिकमध्ये हा नियम चालत नाही. ती गाडी कमी धावली कारण आधीचा मालक तिला १०० टक्के चार्ज करून उघड्यावर उन्हात महिना महिना सोडून जायचा. हे मला घेतल्यावर कळलं, त्याच्याच तोंडून, अगदी सहज बोलता बोलता.

लिथियम बॅटरी दोन तऱ्हेने झिजते. एक चार्ज-डिस्चार्ज करून आणि दुसरी नुसती पडून. पडून झिजणं कशाने वाढतं तर उष्णतेने आणि भरलेल्या अवस्थेत ठेवल्याने. दोन्ही एकत्र आलं की बॅटरी उभ्या उभ्या म्हातारी होते. माझ्या गाडीला कूलंट नव्हता, नुसत्या हवेवर थंड होणारा पॅक. घेतली तेव्हा गाडी २०० दाखवायची, प्रत्यक्षात १३० ला घाम फुटायचा.

हवेवरच्या पॅकचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे निसान लीफ, डिसेंबर २०१० मध्ये आलेली. तिच्या डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ काड्या असतात आणि पहिली काडी पडते तेव्हा साधारण १५ टक्के क्षमता आधीच गेलेली असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं बारातली एक गेली म्हणजे आठ टक्के. जुन्या गाडीच्या रेंजचा आकडा कुठल्या चाचणीतला आहे तेही बघा. त्याच पहिल्या लीफला युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीत १७५ किलोमीटर मिळाले होते आणि अमेरिकेच्या ईपीएच्या चाचणीत ११७. गाडी तीच, बॅटरी तीच. २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली, ती जरा जमिनीवरची आहे, पण जुन्या जाहिरातीत जुना आकडा तसाच पडलेला असतो.

आणखी एक, प्लग. फास्ट चार्जिंगच्या प्लगचे वेगवेगळे प्रकार असतात. माझ्या गाडीला चाडेमो होता आणि नवीन उभे राहणारे फास्ट चार्जर बहुतेक सीसीएस प्रकारचे. असलेले चाडेमो बंद पडले की कुणी दुरुस्त करत नव्हतं. शेवटी तोट्यात काढली. पहाटवारा ताई, तुमच्या प्रवासात बाबांची तपासणी आहे, तिथे असला खेळ परवडणार नाही. मी तुमच्या जागी असते तर नवी घेतली असती, रेंज कमी का असेना, निदान तिचा इतिहास तुमचा स्वतःचा असतो.

वायरमन

मी वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचंच काम करतो. वरच्या दोघांचंही बरोबर आहे, पण बॅटरी बॅटरी करताना बाकीची गाडी कोणी बघत नाही.

पहिलं काम, गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. पॅक पोटाखाली असतो. कुठे दगड लागला असेल, स्पीडब्रेकरला घासली असेल तर कव्हरवर चरे दिसतात. नुसते चरे असतील तर हरकत नाही. पण केसिंग आत गेलं असेल, कडेचे बोल्ट उघडलेले वाटत असतील, किंवा कूलंटच्या पाइपाजवळ पांढरट-गुलाबी डाग सुकलेला असेल तर तिथेच थांबा. डेंट असलेल्या पॅकवर वॉरंटी नाकारलेली मी पाहिली आहे. आणि पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असेल तर लगेच समजतं.

मग चार्जिंग पोर्टचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून पिना बघा. करपल्यासारख्या तपकिरी दिसल्या किंवा प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर सैल प्लगवर तापलेल्या आहेत.

ब्रेक. रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते) ब्रेक फार कमी लागतात, त्यामुळे पॅड झिजत नाहीत पण डिस्क गंजतात आणि कॅलिपर जाम होतात. ६२,००० ला पॅड नवे आहेत म्हणून डीलर खूश होऊन सांगेल, तुम्ही मागच्या डिस्कचा आतला भाग बघा. टायरचं उलटं, वजन जास्त आणि टॉर्क एकदम येतो म्हणून टायर लवकर जातात, पुढचे मागचे दोन्ही बघा आणि भलतेच स्वस्तातले, वजन न पेलणारे टायर टाकलेले नाहीत ना ते साइडवॉलवरच्या लोड इंडेक्सवरून तपासा.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी तर सगळे विसरतात. मोठ्या पॅकमध्ये ८० टक्के आहे आणि गाडीचं दारच उघडत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा छोटीच मेलेली असते. तीन वर्षांच्या गाडीत ती बदलायला आलीच असं समजून चाला.

गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडीतली माहिती वाचायची जागा) छोटा डोंगल लावून मोबाइल ॲपवर सेलचं व्होल्टेज दिसतं. टक्केवारीपेक्षा मी ते आधी बघतो. सगळ्यात वरचा सेल आणि सगळ्यात खालचा सेल यात फरक १०-२० मिलिव्होल्ट असेल तर पॅक एकसारखा आहे. शंभराच्या वर गेला तर एखादा सेल मागे पडतोय, आणि पॅक त्या सगळ्यात अशक्त सेलइतकाच चालतो. एकदा गाडी उभी असताना बघा आणि एकदा जोरात पळवताना, कारण अशक्त सेल भार आल्यावर खाली बसतो.

चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात का, ते बघायला विसरू नका. रिकॉल निघाला म्हणजे गाडी वाईट असंही नाही. शेव्हरले बोल्टला २०२१ मध्ये बॅटरीला आग लागायच्या धोक्यामुळे रिकॉल निघाला आणि कितीतरी जुन्या गाड्यांना नवी बॅटरी बसवून मिळाली. अशी गाडी वापरलेली मिळाली तर बॅटरी गाडीपेक्षा तरुण. पण रिकॉल निघालाय आणि काम झालेलं नाही, अशी गाडी घेऊ नका.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सीटबेल्टचं तर मला कधीच सुचलं नसतं.

कोरडेपान, तुमचं वाचून धसका घेतला. मी जी बघतेय तिला कूलंट आहे आणि प्लग सीसीएस आहे एवढं आत्ता डीलरला फोन करून विचारलं. वॉरंटी अजून पाच वर्षं आहे म्हणाला, आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदली. मग पाच वर्षं तरी निश्चिंत ना?

आणि नवी छोटी घेतली तर २८० किलोमीटर कसे जातील हेही कुणी सांगाल का? कंपनीचा सेल्समन म्हणतो एक थांबा घ्या, चहापाणी होईपर्यंत भरते.

दिवाणखाना

पाच वर्षं निश्चिंत नाही. हा हिशोब आत्ताच करा.

तुमचे रोजचे ६० किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १८,०००. महिन्याच्या फेरीचे ५६० गुणिले बारा, म्हणजे आणखी ६,७००. इकडचं तिकडचं धरून वर्षाला २५,००० होणार. गाडीने ६२,००० आधीच खाल्लेत, उरले ९८,०००. तुमची वॉरंटी पाच वर्षांनी नाही, चार वर्षांच्या आतच संपतेय, किलोमीटरवर. नव्या गाडीला तीच अट असेल तर १,६०,००० व्हायला तुम्हाला सहा-साडेसहा वर्षं लागतील. फरक आहे, पण आठ आणि पाच असा नाहीये.

वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे जाते का, त्यासाठी सगळ्या सर्व्हिस वेळेवर केलेल्या लागतात का, हे लेखी घ्या. तोंडी नको. आणि ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

आता छोटीचे २८० किलोमीटर. मी अशीच ३० युनिटवाली दोन वर्षं वापरतो आणि शहरात तिच्यासारखी गाडी नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. हायवेला ८०-९० च्या वेगात ती शंभर किलोमीटरला १४-१५ युनिट खाते. म्हणजे २८० ला ४० च्या वर. हातात वापरायला २९. दहा टक्के शिल्लक ठेवून १८० वर थांबावंच लागतं आणि पुढे पोहोचायला किमान १५ युनिट भरावे लागतात. छोट्या गाड्यांचा फास्ट चार्जिंगचा वेग पण छोटा असतो, सरासरी ३० किलोवॅट मिळाले तर अर्धा तास. ऐकायला ठीक आहे. पण त्या अर्ध्या तासात चार्जर चालू असला पाहिजे आणि मोकळा असला पाहिजे. तुम्ही १० टक्क्यांवर तिथे पोहोचलात आणि तो बंद निघाला तर पुढच्याला पोहोचायला तुमच्याकडे २० किलोमीटर आहेत. मी हे भोगलंय, रात्री साडेअकराला, तेव्हापासून मी कधी १० वर पोहोचत नाही, २५ ला थांबतो, म्हणजे मग दोन थांबे. थंडी असली, हीटर लावला, समोरून वारा असला की आणखी.

मोठीचं बघा. समजा तिच्यात आज ५४ उरलेत. हायवेला १६-१७ धरले तर २८० ला ४५-४८ लागतील. न थांबता पोहोचते, शिल्लक थोडी राहते, आणि थांबायचं झालं तर कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवता. बाबांना घेऊन जायचंय त्यात मला हे फार मोठं वाटतं.

एलएफपीची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ती चक्रांच्या बाबतीत (एकदा पूर्ण भरून रिकामी झाली की एक चक्र) टणक असते, दोन-तीन हजार पूर्ण चक्रं साधारण सहज काढते, आणि तिला १०० टक्के भरून चालतं, उलट आठवड्यातून एकदा भरावीच लागते कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतकं सपाट असतं की गाडीला किती उरलंय ते नीट कळत नाही. एनएमसीला रोज ८० वर थांबवा. पण एक गोष्ट लोक विसरतात, छोटी बॅटरी जास्त वेळा भरावी लागते. तुमच्या २५,००० किलोमीटरला छोटीची वर्षाला सव्वाशेच्या आसपास पूर्ण चक्रं होतील, मोठीची पंचाहत्तर. म्हणजे मोठी एनएमसी असली तरी तिच्यावर ताण कमी. चक्रांनी मरणार यातली कुठलीच नाही.

सावकाशचालक

दिवाणखाना यांच्या वॉरंटीच्या हिशोबाला पूर्ण सहमत, माझ्याही डोक्यात आला नव्हता.

एक भर घालतो. गाडी नवी असो की जुनी, पहिल्या एक-दोन वर्षांत बॅटरी जरा पटकन उतरते आणि मग घट मंदावते. तीन वर्षांची गाडी म्हणजे तो उतार दुसऱ्याने पाहून झालेला असतो. किमतीचंही तेच, नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त पडते, इलेक्ट्रिकमध्ये तर जास्तच, कारण बॅटरी जवळपास दरवर्षी स्वस्त होत गेली आणि कंपन्यांनी नव्या गाड्यांच्याच किमती खाली आणल्या. २०२३ च्या सुरुवातीला टेस्लाने नव्याचे भाव कमी केले तेव्हा वापरलेल्यांचे भाव पाठोपाठ कोसळले. ज्यांनी नुकतीच घेतली होती त्यांचं वाईट झालं, वापरलेली शोधणाऱ्यांचं चांगलं.

जुनी घेताना आधीच्या मालकाचं ॲपवरचं खातं काढून टाकायला लावा, तुमच्या समोर. नाहीतर तुमची गाडी कुठे आहे ते त्याला दिसत राहतं. आणि सोबतची केबल मिळतेय ना ते बघा, बऱ्याचदा ती गायब असते.

पहाटवारा

काल सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, भाऊ सोबत होता, त्याने वही धरली.

डीलरला आदल्या रात्री १०० करून ठेवायला सांगितलं होतं. सकाळी सव्वासातला निघालो, ८० चा वेग धरून, एसी बंद. २१ टक्क्यांवर आलो तेव्हा ट्रिपमध्ये ४३.१ युनिट. ७९ टक्क्यांना ४३.१, म्हणजे पूर्ण ५४.६. नव्या गाडीची वापरता येणारी ५८ आहे हे आधी शोधून ठेवलं होतं. ९४ टक्के! डीलरचा आकडा जवळपास खरा निघाला, फक्त त्याला तो का खरा आहे ते माहीत नव्हतं.

मग तशीच फास्ट चार्जरला नेली. २१ वरून ८० व्हायला ३६ मिनिटं. डोंगल भावाच्या मित्राकडून आणला होता, सेलमधला फरक उभी असताना १२ मिलिव्होल्ट, पळवताना २४. रिकॉल नाही. पोर्टच्या पिना चकचकीत.

आता काळजीचं. पुढचे टायर संपलेत. आणि मोबाइल खाली घालून फोटो काढला तर पॅकच्या डाव्या कडेला हाताच्या पंजाएवढं घासलेलं दिसतंय. आत गेलंय की नुसतं घासलंय ते फोटोत कळत नाही. सर्व्हिस बुकात दुसऱ्या वर्षाचा शिक्का पण नाही. डीलर म्हणतो आज टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. वायरमनदादा, काय करू?

वायरमन

टोकन देऊ नका. ९४ टक्केवाली गाडी चांगली आहे, पण गाडी जाते तर जाऊ दे, रॅम्पवर न चढवता पैसे द्यायचे नाहीत.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, डीलरच्या ओळखीच्या गॅरेजला नाही. त्यांना तीन गोष्टी करायला सांगा आणि तिन्ही रिपोर्टवर लिहून घ्या. पॅकच्या खालची प्लेट उघडून आतलं केसिंग बघणं, इन्सुलेशन टेस्ट (पॅकमधून वीज बॉडीत झिरपत नाही ना) आणि कूलंटचा प्रेशर टेस्ट (पाइप गळत नाहीत ना). बऱ्याच मॉडेलांत पॅकच्या खाली आणखी एक संरक्षक प्लेट असते. घासलेलं ती प्लेट असेल तर ती बदलता येते, फार मोठं काम नाही. केसिंग असेल तर गाडी सोडा.

त्याच वेळी शिक्क्याचं विचारा. बुकात शिक्का नसला तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद असू शकते, चॅसी नंबरवर दिसते. तिथेही नसेल तर बॅटरीची वॉरंटी चालू आहे असं ईमेलवर लिहून द्या म्हणायचं. देत नसतील तर वॉरंटी नाही असं धरून किंमत करा.

कोरडेपान

ताई, तुम्ही जे केलंत ते मी चार वर्षांपूर्वी केलं असतं तर बरं झालं असतं. माझं नवी घ्या म्हणणं मागे घेते, पण रॅम्पचं वायरमन सांगतात तसंच करा. आणि आज टोकन द्या म्हणणाऱ्याला तर एक दिवस मुद्दाम थांबवा.

पहाटवारा

उशिरा लिहितेय, मधे तीन आठवडे गेले.

गाडी रॅम्पवर चढवली. घासलेली ती खालची प्लेटच होती, ती खोलल्यावर आतलं केसिंग स्वच्छ निघालं, मला मेकॅनिकने खाली बोलावून टॉर्च धरून दाखवलं. इन्सुलेशन आणि कूलंट दोन्ही पास. दुसऱ्या वर्षाची सर्व्हिस सिस्टीमवर सापडली, शिक्का मारायचा राहिला होता. वॉरंटी माझ्या नावावर चालू राहील असा ईमेल आला. डीलरचं दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही. नवी प्लेट आणि पुढचे दोन टायर त्याच्या खर्चाने, आणि वॉरंटी माझ्या वापरात चार वर्षांतच संपणार हा दिवाणखाना यांचा कागद समोर ठेवून किंमतही थोडी खाली आणली. बारा व्होल्टची मी स्वतःच बदलून घेतली.

आज पहिल्यांदा आईबाबांकडे आणली. ८५ च्या आसपास वेग ठेवला, कुठे थांबले नाही, पोहोचले तेव्हा १७ टक्के उरले होते. त्यांच्या पार्किंगमधल्या साध्या सॉकेटला लावली आहे, घरून निघताना सावकाशचालक यांची आठवण ठेवून केबल आधी डिकीत टाकली. नऊ तासांत १५ एक युनिट तरी जातील. दोन रात्री राहणार आहे, त्यामुळे परत निघताना ७० च्या वर असेल, वाटेत दहा मिनिटं थांबलं की झालं. बाबा उद्या सकाळी तपासणीला तिच्यातूनच येणार आहेत, मघाशी खाली जाऊन दोनदा दार उघडून बसून आले.